ठोके आज चांगले आहेत, पुढच्या आठवड्याचं काय?

‘बाळाचे ठोके चांगले आहेत’ एवढं ऐकलं की घरचे निर्धास्त होतात. पण रक्तदाब वाढलेला असेल, सिकलसेल असेल किंवा अंगात रक्त फारच कमी असेल, तर तेवढ्यावर थांबू नये. वारेतून मिळणारा पुरवठा घटू लागला की बाळाची वाढ आधी मंदावते, मग हालचाल कमी होते. ठोके बहुधा शेवटी बिघडतात.

म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातातली टेप मला महत्त्वाची वाटते. 24 आठवड्यांनंतर पोटाची उंची साधारण आठवड्यांइतकेच सेंटिमीटर भरते. 32व्या आठवड्यात ती 28च भरली, तर सोनोग्राफी हवी आणि सोबत डॉप्लरही. डॉप्लरवर नाळेतला रक्तप्रवाह दिसतो. अतिजोखमीच्या गर्भारपणात बाळांचे मृत्यू या तपासणीने कमी होतात, असा पुरावा आहे. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, ती एनएसटी. 20 मिनिटांत दोनदा ठोके 15 ने वाढून 15 सेकंद टिकले, की ती चांगली. मात्र वार अचानक सुटली, तर कालच्या चांगल्या एनएसटीचा उपयोग नाही.

पालघर जिल्ह्यात खरी अडचण यंत्राच्याही आधी सुरू होते. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तारापूर एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांच्या बायका बोईसरच्या चाळीतून बाळंतपणाला गावी निघतात. तपासणी एकीकडे, कागद दुसरीकडे. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी नसेल, तर बाळ खुरटलंय की दिवसच कमी भरलेत, हे पुढच्या डॉक्टरांना कसं कळावं? 34 आठवड्यांआधी प्रसूती करावी लागली, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा पुरता गुण यायला साधारण दिवसभर हवा. कासा किंवा जव्हारहून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचा निर्णय त्यामुळे आधीच व्हायला हवा, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

हालचाली मोजल्याने मृत्यू घटतात, हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. तरी आईला जाणवलेला बदल कुणीही उडवून लावू नये. 28 आठवड्यांनंतर कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथे माता-बाल कार्ड आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद न्या, आणि गाव सोडताना दोन्ही सोबत ठेवा.