गाण्याचा सातबारा

रेडिओवर जुने मराठी गाणे लागण्याआधी निवेदिका नावे घेते. चित्रपट 'जगाच्या पाठीवर', गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके, मग गायिकेचे नाव. नावे संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही, असा आमच्या घरात दंडकच होता. गाणे कुणाचे ते त्या अर्ध्या मिनिटात कळते, असा आमचा समज. फार पुढे लक्षात आले, की आपण ऐकत होतो ती पिकवणाऱ्यांची नावे. जमीन कुणाच्या नावावर आहे, ते निवेदिका सांगतच नव्हती.

सातबाऱ्यात सात नंबरला मालकी लिहितात आणि बारा नंबरला पीक. गाण्याचेही तसेच असते, फक्त त्याचे थर तीन. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. सगळे हिशेब पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होतात.

'जगाच्या पाठीवर' १९६० चा. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली असे धरले, तर त्या मुद्रणाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. गदिमा गेले डिसेंबर १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या शब्दांची मुदत २०३७ अखेर. सुधीर फडके म्हणजे बाबूजी गेले जुलै २००२ मध्ये. त्यांच्या चालीची मुदत २०६२ अखेर. एकाच तीन मिनिटांच्या गाण्याला तीन कुलपे, आणि तिन्हींची उघडण्याची साले वेगवेगळी. त्यामुळे जुनी तबकडी मोकळी झाली म्हणून ती खुशाल वाजवायला मोकळीक मिळाली, असे होत नाही. तबकडीच्या आत शब्द आणि चाल अजून कुलपातच आहेत.

आता मालकीकडे येऊ. १ एप्रिल १९५७ हा आपल्याकडचा कृषकदिन. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारी कुळे मालक मानली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये देशाचा कॉपीराइट कायदा झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून तो लागू झाला. जमिनीत कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. गाण्यात मात्र पैसे मोजेल त्याचे गाणे, असा व्यवहार रुजला. करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर मोबदला देऊन गाणे करून घेणारा निर्माता पहिला मालक. निर्माता ते हक्क तबकडी कंपनीला देई. गीतकार-संगीतकाराच्या हाती एकरकमी बिदागी पडे आणि बारा नंबरला नाव राही.

रेडिओवरचे भांडणही मालकांमधलेच होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांकडे आले. त्यांना चित्रपटगीते आकाशवाणीवर नकोशी होती. त्यातच चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, असे म्हणून ते नावही गाळले जाऊ लागले. निर्मात्यांनी चिडून परवानगीच काढून घेतली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. या सगळ्या ओढाताणीत एका बाजूला सरकार होते, दुसऱ्या बाजूला निर्माते. गाणे रचणाऱ्याला मधे कुणी विचारले नाही.

१९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था स्थापन झाली. तिने दरपत्रक जाहीर करताच निर्माते तक्रार घेऊन कॉपीराइट मंडळापुढे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि मार्च १९७७ मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक तळटीप जोडली. आपल्या संगीताचा प्राण गायकाच्या गळ्यात असतो, पण कायदा त्याला हक्क देत नाही, याकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. गायकांच्या रॉयल्टीवरून साठीच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात इतके बिनसले होते, की काही वर्षे त्यांची युगुलगीते थांबली. सादरकर्त्यांच्या हक्काचे कलम कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने.

याच दुरुस्तीने आणखी एक अडचण दूर झाली. तोवर 'संगीतकृती' म्हणजे कागदावर उतरवलेली किंवा छापलेली स्वररचना, अशी व्याख्या होती. पेटीवर बोट ठेवून चाल बांधणाऱ्या आणि ती तोंडी शिकवणाऱ्या आपल्या संगीतकाराला ही व्याख्या परकीच होती.

गाण्याचा कूळकायदा खऱ्या अर्थाने झाला २०१२ मध्ये. तेव्हा राज्यसभेत नामनियुक्त सदस्य असलेल्या जावेद अख्तर यांनी त्यासाठी पाठपुरावा केला. २१ जून २०१२ पासून गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा निम्मा वाटा लिहून देताच येत नाही; द्यायचा तर वारसांना किंवा नोंदणीकृत संस्थेला. अपवाद एकच, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारे गाणे. निर्माता आजही मालक असू शकतो, पण कुळाचा वाटा त्याला कागदावर सही घेऊन पुसता येत नाही.

याच दुरुस्तीतल्या ३१-ड कलमाने रेडिओ आणि टीव्ही वाहिन्यांना वाट करून दिली: आगाऊ नोटीस द्या, ठरलेल्या दराने पैसे भरा आणि गाणे लावा, मालकाची वेगळी मनधरणी नको. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने एफएम केंद्रांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला होता. डिसेंबर २०२० च्या आदेशात दर 'नीडल अवर'वर, म्हणजे गाणे प्रत्यक्ष वाजते त्या तासांवर आले. शब्द फिरत्या तबकडीच्या काळातला. सुई गेली, तिचा तास राहिला. आणि या कलमात एक अट आहे, जी वाचून मला घरचा रेडिओ आठवला: प्रसारणासोबत कर्त्यांची आणि प्रमुख कलाकारांची नावे जाहीर करायची. निवेदिकेचा जुना रिवाज कायद्यात येऊन बसला.

इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या ॲपांनीही या कलमाचा आधार घेऊ पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले, की ही सवलत रेडिओ-टीव्हीपुरती आहे. रेडिओ केंद्रांचा युक्तिवाद वेगळा होता: तबकडी कंपनीला पैसे दिले, मग शब्द आणि चालीचे पुन्हा कशाला? एप्रिल २०२३ मध्ये याच न्यायालयाने अंतरिम आदेशात गीतकार-संगीतकारांच्या बाजूने कौल दिला. तीन थरांचा हिशेब इथे उपयोगी पडला.

लग्नाच्या वरातीत वाजणारी गाणी हा वेगळाच गुंता. धार्मिक विधी आणि त्यासोबतचा लग्नसमारंभ यांना कायद्यात सूट आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून ती ठळकपणे सांगितली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. सूट कायद्यात राहिली, पण तिची व्याप्ती परिपत्रकाने ठरवता येणार नाही.

तरीही कायद्याने वाटा दिला म्हणून तो आपोआप घरी येत नाही. शेतीत वारसनोंद केली नाही, तर आजोबांचे नाव तसेच राहते आणि नातवाला तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे पडतात. गाण्यातही हेच. सभासदत्व घेणे, प्रत्येक रचना नावानिशी नोंदवणे, कर्ता गेल्यावर वारसांनी कागद पुरे करणे, एवढे झाले तर रेडिओवर वाजवलेल्या गाण्यांच्या यादीतून पैसा योग्य घरी पोचतो. ज्या गाण्यासमोर कर्त्याचे नाव नाही किंवा चुकीचे आहे, त्याचा वाटा अडून राहतो. भावगीते लिहिणाऱ्या, नाटकांना चाली देणाऱ्या कितीतरी घरांत असे कागद अजून ट्रंकेत असतील.

१ जानेवारी २०३८ च्या सकाळी गदिमांचे शब्द सगळ्यांचे होतील. कुणीही ते छापावेत, नव्या चालीत बांधावेत. बाबूजींच्या चालीत गायचे असेल, तर मात्र आणखी २५ वर्षे त्यांच्या चालीची मुदत चालू असेल. तोवर एखाद्या केंद्रावर ते गाणे लागेल, तेव्हा निवेदिकेने दोन्ही नावे घ्यायलाच हवीत.