अवसेचा उजेड

अवसेला कुणी गावाला निघालं की घरातलं म्हातारं माणूस उंबऱ्यातच अडवतं, "आज नको, उद्या जा." नवं काम नाही, प्रवास नाही. आणि आता पंचांग उघडून बघा! आषाढातली दिव्याची अवस, श्रावणातला पोळा, भाद्रपदातली सर्वपित्री, आश्विनातलं लक्ष्मीपूजन. ज्या तिथीला भ्यायचं, तिच्याच पदरात आपण इतके सण बांधलेत.

लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या या पट्ट्यात आणखी एक अवस मोठी : मार्गशीर्षातली येळवस. पलीकडे बिदर-कलबुर्गीत हीच 'एळ्ळ अमावास्या'. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार गजबजलेलं. रानात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. पूजा झाली की तीच आंबील पिकावर शिंपडायची. अंधार पडला की हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून पिकाभोवती फिरवायचा.

आता हजारो किलोमीटर दूरच्या आयर्लंडला चला. तिथं 31 ऑक्टोबरच्या रात्री मेलेली माणसं घरी येतात असं मानत, त्यांच्यासाठी अन्न ठेवत. आपली सर्वपित्रीच जणू! शलगम कोरून त्यात दिवा लावत. आपण दिव्याच्या अवसेला कणकेचा लावतो. मे महिन्याच्या आरंभी बेल्टेनचा सण. 908 साली वारलेल्या कॉर्मक या राजा-बिशपच्या नावावर एक जुना शब्दकोश आहे, त्यात नोंद सापडते : रोगराई टळावी म्हणून गुरं दोन जाळांमधून हाकत.

आपल्या शेतकऱ्यानं आयर्लंड पाहिलं नाही, तिकडच्या गुराख्यानं मराठवाडा. मग हा मेळ कसा? तारखांकडे बघा. बेल्टेनला गुरं उन्हाळी कुरणाकडे निघायची. येळवशीला ज्वारी, हरभरा अजून रानातच. दाणा भरतोय, पण घरात आलेला नाही. जिथं जीव टांगणीला, नेमकी तिथंच रीत उभी राहते. हाताशी उपाय दोनच : अन्न आणि आग.

अवसेला चंद्र नसतो. म्हणून तर तीन शेतं पलीकडचा हेंडगाही आपल्या बांधावरून दिसतो.