कॅव्हियार: न घातलेल्या अंड्यांची गोष्ट

मासा पाण्यात अंडी सोडतो, कोणीतरी ती जाळीने गोळा करतं, मीठ लावून डबीत भरतं, अशी कॅव्हियारबद्दल बऱ्याच जणांची कल्पना असते. प्रत्यक्षात घातलेली अंडी या धंद्यात जवळजवळ निरुपयोगी. स्टर्जन माशाची अंडी एकदा सुटून पाण्यात आली की चिकट होतात. वाहत्या नदीत तळच्या दगडगोट्यांना धरून राहण्यासाठी निसर्गाने केलेली ती सोय आहे. त्यामुळे अंडी सुटण्याआधीच, मादीच्या पोटातून, अंडाशयासकट काढावी लागतात, आणि रूढ पद्धतीत त्यासाठी मासा मारावा लागतो.

कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण गाबोळी त्याने पाहिलेली असते: पातळ पडद्यात गच्च बसलेले दाणे. आपण ती पडद्यासकट मसाला लावून तळतो. कॅव्हियारवाले बरोबर उलटं करतात. पडदा काढून टाकायचा, दाणा अखंड राखायचा आणि त्याला आग दाखवायची नाही.

मग कुठल्याही माशाची खारवलेली अंडी म्हणजे कॅव्हियार का? तर नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाने 2010 मध्ये स्पष्ट केलं की हे नाव स्टर्जनच्या कुळातल्या माशांच्या अंड्यांनाच. सामनचे नारिंगी टपोरे दाणे, सुशीवर भुरभुरलेली उडत्या माशाची अंडी, काळा रंग देऊन विकली जाणारी लम्पफिशची अंडी हे सगळे वेगळे पदार्थ आहेत. चवीला वाईट नव्हेत, पण वेगळे. काळा रंग ही खूणही फसवी आहे. अस्सल दाणा राखाडी, तपकिरी, हिरवट, क्वचित सोनेरीही असतो. बेलुगा नावाने होणारा घोळ तर गमतीचा आहे. या नावाचा पांढरा व्हेल आहे खरा, पण तो सस्तन प्राणी. त्याच्या अंड्यांची डबी भरायला कोणी बसलं तर जन्मभर बसावं लागेल. कॅव्हियारचा बेलुगा हा सर्वांत मोठा स्टर्जन. 1827 मध्ये व्होल्गाच्या मुखाजवळ सापडलेल्या एका मादीचं वजन दीड हजार किलोंच्या वर नोंदलेलं आहे.

कॅव्हियार एवढा महाग का, याचं खरं कारण शेतावर, म्हणजे मत्स्यपालन केंद्रात कळतं. स्टर्जनचा नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात. साधारण तीन वर्षं पोसल्यावर एकेका माशाची सोनोग्राफी करतात. नर निघाले की ते मांसासाठी जातात. माद्यांना पुढे आणखी सांभाळायचं. सायबेरियन स्टर्जनला अंड्यावर यायला सहा-आठ वर्षं लागतात, बेलुगाला पंधराहूनही अधिक. एवढं थांबून शेवटी वेळ चुकली तर माल वाया जातो: दाणे फार कच्चे असले तर चरबीत गुरफटलेले, फार पिकले तर लिबलिबीत. म्हणून मादीच्या पोटातून बारीक नळीने थोडे दाणे काढून, कापून, आतलं केंद्रक कुठवर सरकलं आहे ते पाहतात. दिवस जवळ आला की तिला काही आठवडे स्वच्छ, थंड पाण्यात उपाशी ठेवतात, म्हणजे मांसाला आणि अंड्यांना येणारा चिखलाचा वास जातो.

पुढचं काम मात्र मिनिटांचं. मासा बेशुद्ध करून मारतात, आतड्याला धक्का न लावता पोट उघडतात, अंडाशय बाहेर घेतात. ते चाळणीवर ठेवून हाताने हलकेच घासायचं. दाणे खाली पडतात, पडदा वर राहतो. गार पाण्याने धुवायचे, निथळायचे, राहिलेले तुकडे चिमट्याने वेचायचे, वजन करायचं. मग मीठ. कॅव्हियार घडतो तो इथे. खाणाऱ्यांचं सगळं लक्ष माशाच्या जातीकडे असतं. माझ्या मते त्यातलं निम्मं मीठ लावणाऱ्या हाताकडे जायला हवं. कोडेक्सप्रमाणे शंभर ग्रॅम मालात मीठ तीन ते पाच ग्रॅम. मीठ दाण्यातलं पाणी ओढतं, कवच घट्ट करतं, चव उघडतं. खारट तेवढा अस्सल हा समज यामुळे उलटा ठरतो. नावाजलेला माल कमी मिठाचा, मलोसोल प्रकारचा असतो. युरोपात मिठाच्या जोडीला थोडा बोरॅक्स चालतो, अमेरिकेत त्याला बंदी आहे. त्यामुळे एकाच केंद्रातला माल दोन बाजारांसाठी वेगळा बनू शकतो.

ताजा तितका चांगला, हेही खरं नाही. नुकताच खारवलेला दाणा काहीसा सपक लागतो. तो मोठ्या डब्यात काठोकाठ भरतात, झाकण दाबून हवा बाहेर काढतात आणि शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे, कधी काही महिने मुरू देतात. मीठ असल्यामुळे उणे दोन अंशांनाही तो गोठत नाही. घरच्या फ्रीजरमध्ये टाकला तर मात्र गोठतो, दाणे फुटतात आणि पैसे पाण्यात. कॅव्हियार शिंपल्याच्या चमच्यानेच खावा म्हणतात, त्याचं म्हणाल तर चांदीने चव बिघडते एवढं खरं, स्टीलने काही होत नाही. बाकी मिरवणं.

हा पदार्थ पहिल्यापासून राजेशाहीच होता, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या डेलावेअर नदीत स्टर्जन इतका होता की खारवलेली अंडी दारूच्या गुत्त्यात फुकट ठेवत. खारट खाल्लं की बिअर जास्त खपते. नदीकाठच्या एका गावाचं नावच कॅव्हियार होतं. विसावं शतक उजाडेपर्यंत तिथला मासा संपत आला होता.

कॅस्पियन समुद्राचीही तीच गत झाली, फक्त उशिरा. व्होल्गावरच्या धरणांनी अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांची वाट अडवली आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर चोरट्या मासेमारीने उरलंसुरलं नेलं. 1998 पासून सगळ्या स्टर्जनच्या व्यापारावर साइटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराचं नियंत्रण आलं, 2005 मध्ये अमेरिकेने बेलुगाची आयात थांबवली. 2022 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेने सांगितलं की उरलेल्या सर्व 26 जाती धोक्यात आहेत. तेव्हा रशियन कोळ्याने पहाटे जाळ्यात पकडलेला मासा हे चित्र आता जाहिरातीपुरतंच. आजचा कॅव्हियार बहुतेक शेतातला आहे आणि सर्वांत मोठा उत्पादक चीन. चेजियांग प्रांतातल्या चियानदाओ सरोवरातला माल पॅरिसच्या नामांकित हॉटेलांत जातो, आणि चिनी म्हटल्यावर नाक मुरडणारेही तो आवडीने खातात.

मासा न मारता अंडी काढण्याचे प्रयोगही आहेत. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या आंगेला क्योलर यांनी, सुटलेली अंडी पोट हलकेच दाबून काढायची आणि विशिष्ट द्रावणाने त्यांचा चिकटपणा रोखायचा, अशी पद्धत विकसित केली. दाण्याच्या पोताबद्दल जाणकारांची कुरकुर आहे, पण मादी जगते आणि पुन्हा अंड्यावर येते.

विकत घेणाऱ्याने डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत. साइटीसच्या लेबलवर आधी माशाच्या जातीचा तीन अक्षरी कोड असतो, मग पाळलेल्यासाठी सी किंवा जंगलीसाठी डब्ल्यू, मग देश, वर्ष आणि कारखान्याचा क्रमांक. झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘रशियन’ असलं तरी ते बहुधा माशाच्या जातीचं नाव असतं. देशाच्या जागी चीन, इटली, इतकंच काय, उरुग्वेही निघू शकतो.