गाडी माझी, दारावर नाव दुसऱ्याचं!

एसटीच्या खिडकीत बसून तुम्ही शेजारून जाणाऱ्या ट्रकवरचं कधी वाचलंय का? ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, खाली मालकाचं नाव, गावाचं नाव, कधी कधी तर मुलाबाळांचीही नावं! ट्रक कोणाचा हे वेगळं विचारावंच लागत नाही.

आता अमेरिकेतल्या एखाद्या हमरस्त्यावर चला. समोरून अठरा चाकांचं धूड येतंय. दारावर एका वाहतूक कंपनीचं नाव आणि एक सरकारी नंबर. म्हणजे गाडी कंपनीची? नेहमीच नाही बरं का! पुष्कळदा ती आत बसलेल्या ड्रायव्हरची स्वतःची असते. कर्ज काढून त्यानंच ती घेतलेली असते आणि टायर फुटला तर पैसेही त्याच्याच खिशातून जातात. अशा ड्रायव्हरला तिकडे ‘ओनर-ऑपरेटर’ म्हणतात. मालकही तोच, चालकही तोच.

मग दारावर नाव दुसऱ्याचं कशाला?

असं बघा, नुसता ट्रक घेऊन भागत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लोकांचा माल भाड्यानं न्यायचा, तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. शिवाय विमा. साध्यासुध्या मालालासुद्धा मोठ्या ट्रकसाठी निदान साडेसात लाख डॉलरचा! नवख्या माणसाला या विम्याचा जो हप्ता सांगतात, तो ऐकूनच डोळे पांढरे होतात. आणि ओळखपाळख नसलेल्याच्या हाती आपला माल कोण सोपवणार? म्हणून नवा मालक आपली गाडी एखाद्या जुन्या कंपनीकडे ‘लीज’वर लावतो. आपल्याकडे गाडी ‘अटॅच’ करतात ना, त्यातलाच प्रकार. परवाना कंपनीचा, विमा कंपनीचा, गिऱ्हाईक कंपनीचं. ट्रक, डिझेल आणि घाम ड्रायव्हरचा.

करार झाला, की तेवढ्या काळापुरता गाडीचा ताबा कायद्यानं कंपनीकडे जातो. तिचं नाव आणि नंबर दोन्ही बाजूंना असे लावायचे, की दिवसा ५० फुटांवरून वाचता आले पाहिजेत. अपघात झाला तर ‘गाडी आमची नाहीच’ असं म्हणून कंपनीला हात झटकता येऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था. पण एक मेख आहे. ट्रेलर सोडून नुसती पुढची केबिन घेऊन ड्रायव्हर घरी निघाला, तर त्या अवताराला म्हणतात ‘बॉबटेल’, म्हणजे शेपूट तोडलेला. अशा घरगुती फेरीला कंपनीचा विमा बहुधा लागू पडत नाही. त्यासाठी ड्रायव्हरनं स्वतःचा निराळा विमा घ्यायचा!

आता जरा वही-पेन्सिल घ्या. आकडे आपले गणितापुरते हं, पण हिशेबाची रीत खरी आहे. समजा, शिकागोहून डॅलसला माल न्यायचाय. साधारण दीड हजार किलोमीटर. भाडं २५०० डॉलर. करारात ड्रायव्हरचा वाटा ७५ टक्के, म्हणजे १८७५. वा! पण असा ट्रक लिटरला जेमतेम पावणेतीन किलोमीटर जातो. डिझेलचे ५७५ गेले, उरले १३००. गाडीच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता ६००. उरले ७००. ट्रेलरचं भाडं, विम्याचा वाटा, नंबरप्लेटचा खर्च असं मिळून ३००. उरले ४००. त्यातले १०० कंपनी अनामत म्हणून ठेवून घेते. हातात किती? ३००! आणि डॅलसहून परतीचं भाडं मिळेपर्यंत आठवडा संपलेला. टायर, दुरुस्ती, जेवणखाण आपण अजून धरलेलंच नाही.

पुढच्या आठवड्यात माल मिळालाच नाही, तर हप्ता थांबतो थोडाच? मग हिशेबाच्या कागदावर शेवटी उणे चिन्ह. म्हणजे आठवडाभर थांबून राहिलेला माणूस उलट कंपनीचंच देणं लागतो! रात्रंदिवस गाडी हाणून भरून काढीन म्हणावं, तर तेही नाही. ११ तास चालवल्यावर सलग १० तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि २०१७ च्या अखेरीपासून बहुतेक ट्रकमधलं यंत्रच त्याची नोंद ठेवतं.

या हिशेबात कंपनीनं कशाचे किती कापले, हे ड्रायव्हरला कळणार कसं? जुनं भांडण आहे हे. १९७३ साली तेलटंचाईत डिझेल भडकलं, तेव्हा चिडलेल्या ड्रायव्हरांनी ट्रक आडवे लावून रस्ते अडवले. त्याच वर्षी मालक-चालकांची एक राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. पुढं १९७९ साली केंद्र सरकारचे नियम आले. करार लेखीच हवा. ज्या ज्या कारणासाठी पैसे कापायचे, ते त्यात लिहिलेलं हवं. ‘डिझेल अन् टायर आमच्याकडूनच घ्या’ अशी सक्ती चालणार नाही. माल पोचल्याची कागदपत्रं दिली, की १५ दिवसांत पैसे. मला यातला सगळ्यात आवडलेला नियम असा, की वाटा टक्क्यांवर असेल तर कंपनीनं गिऱ्हाइकाला लावलेल्या बिलाची प्रत ड्रायव्हरला द्यायची. भाडं २५०० होतं की ३०००, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं पाहिजे ना!

तरीही फसगत होतेच. काही कंपन्या म्हणतात, ‘ट्रक नाही? आम्हीच देतो. हप्ते तुमच्या भाड्यातून कापू, शेवटी गाडी तुमची!’ ऐकायला किती छान! पण मधेच काम सोडलं, तर बहुतेकदा गाडी कंपनीकडेच राहते आणि भरलेले हप्ते बुडतात. कोणाला किती माल द्यायचा, हेही कंपनीच ठरवणार. म्हणजे हप्ता मागणारी तीच आणि कमाई हातात असलेलीही तीच. या योजनांचा अभ्यास करायला सरकारनं एक गट नेमला होता. २०२५ च्या जानेवारीत त्याचा अहवाल आला. त्यानं सुधारणा वगैरे सुचवल्या नाहीत, या योजनांवर सरळ बंदीच घाला असं सांगितलं.

ज्याचा ट्रक खरोखर स्वतःचा आहे, त्याला मात्र कंपनी पटली नाही तर निघता येतं. करारात लिहिल्याप्रमाणे आधी कळवायचं, मग दारावरचं नाव उतरवायचं. ते परत केल्याशिवाय शेवटचे पैसे द्यायचे नाहीत, असंही करारात असू शकतं. म्हणून ड्रायव्हर उन्हात उभा राहून तो स्टिकर नखानं खरवडत बसतो. खाली रंगाचा एक ताजा चौकोन निघतो, बाकीचं दार उन्हानं विटलेलं. अनामत कंपनीनं ४५ दिवसांत व्याजासकट परत द्यायची असते. तोवर त्या चौकोनावर नवं नाव चिकटलेलंही असतं.