हप्ता परवडतो, पण व्याज किती?

पाडव्याला, दसऱ्याला दुचाकीच्या शोरूममध्ये हमखास कानावर पडणारा प्रश्न म्हणजे "महिन्याला किती भरायचे?" विचारणाऱ्या मुलाला नुकतीच नोकरी लागलेली असते, शेजारी वडील बसलेले असतात. हप्ता पगारात बसला की सह्या होतात. व्याजाचे विचारलेच, तर "दहा टक्के फ्लॅट" हे उत्तर मिळते आणि दोघांचेही समाधान होते.

ते व्हायला नको. 60,000 रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले, असे धरू. फ्लॅट दराने वर्षाला 6,000 प्रमाणे 18,000 रुपये व्याज. एकूण फेड 78,000, हप्ता साधारण 2,167. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होऊ लागते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वरच धरलेले असते. घटत्या शिल्लकीवर हिशेब मांडला, तर हा दर जवळपास 18 टक्के निघतो! कर्ज खरोखर दहा टक्क्यांचे असते, तर हप्ता 1,936 रुपये पडला असता आणि एकूण व्याज 9,700 च्या आसपास.

शाळेत आपण सरळव्याज शिकतो ते मुद्दल शेवटी एकरकमी परत करायचे, असे गृहीत धरून. दरमहा थोडे थोडे फेडत गेले तर काय होते, हे गणित बहुतेकांनी वहीत कधी सोडवलेलेच नसते. म्हणूनच चांगली शिकलेली मुलेही इथे फसतात.

रिझर्व्ह बँकेने यावर चांगला उपाय केला आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायलाच हवे, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात छापलेला असतो. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. म्हणजे कागद घरी नेऊन शांतपणे वाचता येतो. "ऑफर आजच संपतेय" या घाईला बळी पडायचे कारण नाही.

वडिलांची सही जामीनदार म्हणून असेल, तर 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्यांची जबाबदारी मुलाइतकीच असते. हप्ते थकले की कर्ज देणारा थेट त्यांच्याकडेही येऊ शकतो. पगारदारांच्या पतसंस्थेत सहकाऱ्याला जामीन राहिलेल्यांना हे ठाऊक असते. दुसऱ्याच्या कर्जापायी स्वतःच्या पगारातून झालेली कपात त्यांच्यातल्या काहींनी सोसलेली असते. घरात मात्र हा विषय निघत नाही. मुलांना तो सांगायलाच हवा, कारण उद्या मित्राच्या कर्जावर सही करायची पाळी त्यांच्यावरही येणार आहे.

मुलाच्या मोबाइलवर हप्त्याचा कॅल्क्युलेटर सहज मिळतो. दोघांनी मिळून त्यात रक्कम, मुदत आणि सांगितलेला दर टाकावा. उत्तर 1,936 आले आणि कागदावर 2,167 असेल, तर सही करण्याआधी वरच्या 231 रुपयांचा हिशेब समोरच्याकडून मागून घ्यावा.