मिटवलं म्हणजे संपलं का?

निडी ते रोहा हे रेल्वेने एकाच स्टेशनाचं अंतर. पण नवरा-बायकोचं भांडण निडीसारख्या गावातून निघून कोर्टात पोचायला वर्षंच्या वर्षं जातात. वाटेतले थांबे ठरलेले: आधी माहेरची पडवी, मग मामा, मग दोन्हीकडची चार माणसं, मग गावकीची बैठक. वकिलाची पायरी सगळ्यात शेवटी, तीही ‘आता इलाज उरला नाही, वकीलसाहेब’ असं म्हणत.

रोहा-पेण पट्ट्यात कौटुंबिक दावे चालवणारा वकील म्हणून या क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. चार समजूतदार माणसांनी सावरलेले संसार मी पाहिले आहेत. तक्रार एवढीच, की बैठक भांडण मिटवते, पण हक्क कुणाचा ते ठरवत नाही. ते राहून गेलं की मिटलेलं प्रकरण पुढच्या पिढीत पुन्हा वर येतं.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

सगळ्यात जास्त नुकसान करणारा कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरचा काडीमोड. बैठक बसते, दागिने आणि भांडी परत होतात, पंच सह्या करतात, नोटरीचा शिक्का बसतो. दोघं मोकळे झाले असं सगळ्यांनाच वाटतं, आणि वर्षभरात दुसरी लग्नं होतात.

हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या कलम २९ मध्ये रूढीनुसार घेतलेल्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे, हे खरं. पण अशी रूढी त्या समाजात जुनी, सलग आणि सर्वमान्य आहे, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने रूढी सिद्ध होत नाही. ती झाली नाही, तर पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसरं रद्दबातल ठरतं. दुसऱ्या लग्नातल्या मुलांना कायदा औरस मानतो, पण त्यांच्या आईला पत्नीचा दर्जा मिळत नाही. नवरा वारला की निवृत्तिवेतनासाठी दोघी समोरासमोर उभ्या राहतात, आणि पंचांपैकी कोणी साक्षीला येत नाही. (अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू होत नाही, आमच्या भागातल्या कातकरी आणि ठाकूर समाजाची लग्नं त्यांच्या रूढीप्रमाणेच पाहिली जातात.)

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल, तर परस्पर संमतीचा रस्ता आहे. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. समेटाची आशा उरली नसेल, तर हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मग त्या स्टॅम्पपेपरने नेमका किती वेळ वाचवला?

बैठकींच्या फेऱ्यांत आणखी एक गोष्ट हातची जाते, ती म्हणजे पोटगी. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं स्पष्ट केलं. म्हणजे ‘दिवाळीनंतर बघू, शिमग्यानंतर बघू’ यात गेलेले महिने सहसा परत मिळत नाहीत. माहेरी परतलेल्या बाईला नवरा राहतो त्या शहरात खेटे घालावे लागतील, ही भीतीही अनाठायी आहे. २००३च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही ती विवाहविषयक अर्ज करू शकते.

तेराव्यानंतरचे प्रश्न

घरातला कर्ता पुरुष गेला की दिवसकार्य होईपर्यंत सगळे एकत्र असतात. तेरावं उरकलं की सातबारा बाहेर येतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना परतायचं असतं, त्यामुळे ‘आत्ताच काय ते करून टाकू’ ही घाई सुरू होते.

मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. यातल्या आईचा विसर जवळपास प्रत्येक घराला पडतो. तरुण मुलगा गेला, की सून आणि सासू या दोघी कायद्याने बरोबरीच्या वारस असतात. हे वेळीच समजावून सांगितलं, तर दोघींमधली निम्मी कटुता टळते.

दुसरा गैरसमज विधवेबद्दलचा. ‘ती दुसरीकडे गेली, तिचा हक्क संपला’ हे वाक्य मोठ्या विश्वासाने उच्चारलं जातं. नवऱ्याच्या मृत्यूबरोबर मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि नंतर पुनर्विवाह केला म्हणून तो जात नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. पण फेरफार ही महसुलाची नोंद आहे. त्यात नाव नाही म्हणून मालकी बुडत नाही आणि नाव आहे म्हणून ती सिद्ध होत नाही.

बहिणींची गोष्ट याहून अवघड. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला, पण लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरलं. तरी हक्कसोड पत्रं होतच राहतात. बहीण सही करते ती भावावरच्या प्रेमापोटी, किंवा माहेर तुटेल या धास्तीने. प्रेमापोटी केली तर मी मध्ये पडत नाही. धास्तीने करत असेल, तर तिला बाहेर बसवून एकटीशी बोलतो. आमच्याकडे कारखाने आले, महामार्ग रुंद झाला, भाताच्या खाचराला भाव आला. मोबदल्याची नोटीस लागल्यावर बहिणींची आठवण होते, कारण एका वारसाने हरकत घेतली तरी रक्कम अडकते. तेव्हाचं भांडण पैशाचं दिसतं, पण मुळात ते कधीच न विचारल्याचं असतं.

गाव पाठीशी, की पाठीवर?

बैठकीचा निर्णय ज्याने मानला नाही, त्याचं काय होतं, यावर तिची खरी परीक्षा होते. रायगड जिल्ह्यात याचं उत्तर बरीच वर्षं ‘वाळीत’ हे होतं. बोलणं बंद, लग्नाचं आमंत्रण बंद, मयताला खांदा बंद. २०१४-१५च्या सुमारास इथली प्रकरणं राज्यभर गाजली. त्यानंतर विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. जातपंचायतीबरोबर गावकीही त्याच्या कक्षेत येते.

या कायद्याने बैठक बसवायला बंदी केलेली नाही. न ऐकणाऱ्याला एकटं पाडायला बंदी केली आहे. सल्ला आणि जबरदस्ती यांच्यातली रेषा इथेच आहे.

या जिल्ह्याच्या एका सुनेने ही रेषा फार आधी ओळखली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावात जन्मले आणि रोह्यात वाढले. त्यांचे वडीलही वकील. १९५३ मध्ये चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी विवाह केला, तेव्हा पंडित नेहरू साक्षीदार होते. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाईंचं पहिलं लग्न आठव्या वर्षी लावलेलं. जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायचं नाकारलं, आणि वडील व भाऊ पाठीशी उभे राहिले. पुढे त्या वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या. चीनच्या दौऱ्यात तिथली व्यवस्था पाहून आल्यावर त्यांनी भारतातही कौटुंबिक वादांसाठी वेगळी न्यायालयं असावीत, हा आग्रह धरला. १९८१ मध्ये त्या गेल्या आणि कायदा झाला १९८४ मध्ये. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली.

या कायद्यात न्यायाधीशाचं पहिलं काम समेटाचा प्रयत्न हे आहे. समुपदेशक दोघांना समोर बसवतात. पक्षकाराला हक्क म्हणून वकील लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. आम्हा वकिलांना ही तरतूद रुचलेली नाही, पण तिच्यामागचा विचार मला पटतो. चार माणसांनी बसून समजूत घालायची ही बैठकीचीच रीत, फक्त इथे ‘नाही’ म्हणणाऱ्याला शिक्षा नाही आणि जे ठरतं त्याचा हुकूमनामा होतो.

असं न्यायालय हाताशी नसलं, तरी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७च्या कायद्याने महिलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळू शकतो. म्हणून गावातल्या जाणत्यांना माझं सांगणं आहे: बैठक जरूर बसवा, समजूत घाला, पण काडीमोडाचे कागद करू नका आणि बहिणीची सही बहिणीला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ज्यांचं लग्न झालं आहे पण नोंद नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत जाऊन ती करून घ्यावी. सगळं सुरळीत आहे, तेव्हाच हे काम सोपं असतं.