खंडेनवमीचे नवे आयुध

नवरात्राचे दिवस सरत आले की घरोघर अवजारांची घासपूस सुरू होते. क्षत्रियाने शस्त्र पुजावे, कारागिराने हत्यारे पुजावीत, शेतकऱ्याने नांगर-कुळव पुजावा, विद्यार्थ्याने पाटी-पुस्तक पुजावे, असा आपला खंडेनवमीचा परिपाठ आहे. आमच्या घरी देवघरापुढे जो पाट मांडला जातो त्यावर तलवार कधीच नव्हती. वडिलांच्या वेळेपासून त्या पाटावर झांजा, चिपळ्या, पोथ्यांची बासने आणि शेजारी विळे, खुरपी, कुदळ अशी मांडणी असते. कीर्तन हा आमचा कुळधर्म आणि वाईजवळची साडेतीन एकर जमीन हे आमचे अन्न. दोहोंची साधने एकाच पाटावर बसतात.

यंदा मात्र पाटावर न मावणारे एक आयुध अंगणात उभे आहे. गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, आम्ही छोटा ट्रॅक्टर घरी आणला. यंदाची खंडेनवमी ही त्याची पहिलीच. सूनबाईंनी परवा विचारले, "मामंजी, याची पूजा नेमकी कशी करायची?" प्रश्न साधा होता; परंतु त्याचे खरे उत्तर सापडायला आम्हांला एक वर्ष आणि एक उपरणे खर्ची घालावे लागले. ती हकीकत भाविक वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

बैलांचा निरोप

आमच्या गोठ्यात खिलार बैलांची जोडी होती. सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा मुलूख या जातीसाठी प्रसिद्ध. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत भरणाऱ्या बाजारातून ही खोंडे आणली होती. बारा वर्षे त्यांनी आमची जमीन कसली. त्यांतला एक दोन वर्षांपूर्वी, बेंदराच्या आधीच गेला. त्या बेंदराला एकट्या बैलाच्या शिंगांना रंग लावताना आमचे जुने गडी आबा काही बोलले नाहीत. एका बैलाने नांगर चालत नाही. नवी जोडी घ्यावी तर आबांचे वय झालेले, आणि बैलामागे दिवसभर चालणारा तरुण गावात उरलेला नाही.

मनात शंका होती. बैल सोडून यंत्र आणणे हे आपल्या परंपरेला धरून होईल काय? म्हणून आम्ही जुने ग्रंथ उघडले. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात क्षेत्रपतीचे सूक्त आहे. त्यात बैल, माणूस आणि नांगर या तिघांच्याही सुखाची कामना केली असून बैलाचे नाव प्रथम आले आहे. 'कृषिपराशर' हा संस्कृतातील शेतीवरचा जुना ग्रंथ. तो नांगराची आठ अंगे नावांनिशी सांगतो आणि पुढे बजावतो की आठ बैलांचा नांगर धर्म्य होय. बैलांची संख्या जसजशी कमी, तसतसा दोष अधिक. आणि दोनच बैलांवर सारा भार टाकणाऱ्याची तर तो अतिशय कठोर शब्दांत निंदा करतो. म्हणजे शास्त्रकाराचा आग्रह मुक्या जिवावर भार किती पडतो, या प्रश्नावर आहे. हे वाचून आमची शंका फिटली. उरलेला बैल मात्र बाजार दाखवायचा नाही, असे त्याच दिवशी ठरले. तो आजही आमच्या गोठ्यात आहे. बसून खातो, शेणखत देतो आणि ट्रॅक्टर सुरू झाला की कान टवकारतो.

तासगावचा मळा

छोटा ट्रॅक्टर आम्ही प्रथम पाहिला तो तासगावला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या तेथील गणपतीच्या मंदिरातील उत्सवासाठी आम्ही गेलो होतो. ऋषिपंचमीला देवाचा उंच रथ शेकडो हात दोर धरून ओढतात, तो सोहळा ज्यांनी पाहिला त्यांना सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी पुतण्या त्याच्या द्राक्षमळ्यात घेऊन गेला. द्राक्षवेलींच्या दोन ओळींमधून, मांडवाखालून, एक लहानसे लाल यंत्र फवारणी करीत सहज निघून गेले. त्याची रुंदी जेमतेम तीन-साडेतीन फूट. पुतण्या म्हणाला, "काका, मोठी गाडी इथं शिरतच नाही. आणि तुमच्या उसाच्या सरीतही शिरणार नाही. तुम्हांला हीच लागेल."

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. आमचे घर त्याच मापात बसते. अशा जमिनीला पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे उंदरावर तोफ डागणे होय. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीची गाडी उसाची बांधणी करते, हळदीचे रान तयार करते, रोटर ओढते, फवारा चालवते आणि लहान ट्रॉलीतून खतही वाहते.

परत येताना किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागले. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे कारखान्याची वसाहत वसवली. त्यापूर्वी बेळगावी त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा, लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने तो कोणी घेईना आणि नांगर पडून राहिले. पुढे त्याच नांगराने कृष्णाकाठची काळी जमीन खोल नांगरली. आमच्या आजोबांच्या वेळचा लोखंडी नांगर अजून आमच्या पडवीत आहे. आज आपण त्याला परंपरा म्हणतो आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहतो. तो आला तेव्हा मात्र तोही परकाच होता.

मुहूर्त आणि कागद

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबर रोजी, ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गृहिणींनी त्यात देवीचा कौल पाहिला, आम्ही हिशेब पाहिला. सरकारी अनुदानासाठी अर्ज केला होता, पण आमचा क्रमांक लागला नाही. तरीही एवढ्या जमिनीवर यंत्राचा खर्च निघत नाही, हे कागदावर मांडताच दिसले. म्हणून शेजारच्या दोन भाऊबंदांना बरोबर घेतले. डिझेल ज्याचे त्याने घालायचे, दुरुस्ती तिघांत वाटायची आणि वापराची वही आमच्या सूनबाईंनी ठेवायची. साडेतीन मुहूर्तांपैकी दसऱ्याचा पूर्ण मुहूर्त साधला. गाडीला नारळ वाढवला, हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. विक्रेत्याकडच्या माणसाने अर्ध्या तासात कळा दाखवल्या आणि तो पुढच्या घरी गेला; त्या दिवशी त्याला अनेक घरे गाठायची होती.

पुन्हा विद्यार्थी

चाळीस वर्षे आम्ही इतरांना शिकवले. आता गावातला बावीस वर्षांचा एक मेकॅनिक आमचा गुरू झाला. तो म्हणाला, "बुवा, तीन दिवस गाडी चालू करायची नाही. नुसतं बसायचं आणि नावं घ्यायची." आम्हांला हे फार आवडले. वेदपाठशाळेत आधी पाठांतर आणि मग अर्थ, असाच क्रम असतो.

डाव्या पायाशी क्लच, उजव्या पायाशी ब्रेकच्या दोन पट्ट्या, एक डाव्या चाकाची व एक उजव्या चाकाची. शेतात वळताना त्या वेगळ्या वापरतात, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरते. रस्त्यावर मात्र दोन्ही पट्ट्या खिट्टीने जोडल्याच पाहिजेत. न जोडता जोरात ब्रेक दाबला तर एकच चाक थांबते आणि गाडी आडवी फिरते. मागे अवजार उचलणारे हायड्रोलिकचे दोन हात आणि वर तिसरा जोड. त्यांच्या मधोमध एक लहानसा दातेरी दांडा बाहेर आलेला असतो. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची शक्ती तो मागच्या अवजाराला देतो. रोटर चालताना तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आपली पापणी लवेपर्यंत त्याचे दोन-तीन फेरे झालेले असतात.

आणखी एक धडा त्याने घोकून घेतला. ओझे ओढायचे ते नेहमी खालच्या आकड्याला. उंचावर दोर बांधून रुतलेली गाडी किंवा ओंडका ओढू गेले, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो मागे चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. आमच्या भागात उतारावर ताली आहेत. त्यांच्या कडेला चाक नेऊन वळू नये. वळायचे ते वेग कमी करून, अवजार उचलून.

आठव्या दिवशी आम्ही पहिला तास मारला. तो नागासारखा वळत गेला. बांधावर बसलेले आबा कितीतरी दिवसांनी हसले.

उपरण्याची गोष्ट

पौष महिना होता. आदल्या रात्री गावात कीर्तन झाले होते आणि सकाळी आम्ही तशाच धोतर-उपरण्यावर शेतात गेलो. गाडी शेजारचा मुलगा चालवीत होता. रोटर थरथरतो आहे असे वाटले म्हणून त्याने गाडी थांबवली. इंजिन मात्र चालू, आणि पीटीओही चालूच. पीटीओपासून रोटरपर्यंत जाणाऱ्या फिरत्या शाफ्टवर एक आवरण असते. ग्रीस घालण्यासाठी ते आदल्या दिवशी काढले होते आणि परत बसवायचे राहिले होते. ते आम्हीच काढले होते. आम्ही मागे जाऊन वाकलो.

उपरण्याचे टोक कधी गुंतले ते कळलेच नाही. मानेला हिसका बसला आणि आम्ही गुडघ्यांवर आलो. पुढच्या क्षणी कापड टरकन् फाटले आणि आम्ही मागे पडलो. मुलाने इंजिन बंद केले तेव्हा शाफ्टवर उपरण्याचा पिळा दोरासारखा घट्ट बसला होता. ते उपरणे वडिलांच्या वेळचे, धुऊन धुऊन विरलेले होते. त्याच आठवड्यात सूनबाईंनी नवे, जाड काठाचे आणले होते. ते जपून वापरावे म्हणून आम्ही पेटीत ठेवले होते.

मानेवर वळ उठला. आठ दिवस कंठातून स्वर फुटला नाही. वैद्यकीय तपासणी झाली, इजा खोल नव्हती. घरातली मंडळी देवाने तारले म्हणाली आणि आम्हीही हात जोडले. पण त्या आठ मुक्या दिवसांत एक विचार मन सोडीना. देवाने तारले हे खरे. परंतु आवरण काढून न बसवणारे हात आमचेच होते. दसऱ्याला याच गाडीला आम्ही हार घातला होता आणि तिचे माहितीपुस्तक अद्याप उघडलेही नव्हते. त्या आठ दिवसांत ते आम्ही पोथीसारखे सलग वाचले. फिरत्या शाफ्टजवळ सैल कपडे नेऊ नयेत आणि आवरणाविना तो चालवू नये, असे त्यात ठळक अक्षरांत छापलेले होते.

संस्कृतात 'यम्' हा धातू आहे. आवरणे, ताब्यात ठेवणे हा त्याचा अर्थ. यम, नियम, संयम हे शब्द त्याच धातूपासून आले. सारथ्याला 'यंता' म्हणतात, तोही शब्द त्याचाच, आणि यंत्र हा शब्दही त्याच कुळातला. कीर्तनात हे आम्ही कितीदा तरी सांगितले होते. मानेला वळ पडल्यावर ते समजले. जो स्वतःला आवरत नाही, त्याला यंत्र आवरता येत नाही.

यंदाची पूजा

तेव्हा सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता असे. खंडेनवमीला सकाळी गाडी सपाट जागी उभी करायची, अवजार जमिनीला टेकवायचे, इंजिन बंद करून किल्ली काढायची आणि ती देवघरात ठेवायची. मग गाडी धुवायची. धुताना प्रत्येक नट-बोल्ट हाताखालून जातो. सैल कोणता, गळती कोठे, हे तेव्हाच कळते. तेलाची पट्टी पाहायची, हवेची गाळणी झाडायची, चाकांतली हवा पाहायची. शाफ्टचे आवरण जागेवर आहे की नाही, हे घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः हात लावून पाहायचे. आमच्या लेखी हे पूजेचे पहिले उपचार आहेत.

त्यानंतर गंध, अक्षता, फुले. हळदकुंकू बोनेटवर वाहावे. हवा आत घेण्याच्या जागी उधळू नये. निरांजन डिझेलच्या टाकीपासून दूर ओवाळावे. हार घालावा, पण गाडी हलवण्यापूर्वी तो उतरवून देवापुढे ठेवावा. पुढच्या जाळीवर तो राहिला तर इंजिनाला वारा मिळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिरवणुकीच्या हौसेने लेकरांना मडगार्डवर बसवू नये. ट्रॅक्टरवर जागा एकाचीच असते. आमचा सहा वर्षांचा नातू यावरून रुसला आहे. त्याला उतरलेल्या हारातले झेंडू आणि गाडी पुसण्याचे फडके देऊ. तेवढी सेवा त्याला पुरेल.

दसऱ्यानंतर लवकरच कृष्णाकाठी रब्बीची पेरणी सुरू होईल, पाठोपाठ उसाचा हंगाम येईल. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतील. ज्यांच्या घरी अशी वाहने आहेत त्यांनी पूजेच्या दिवशीच ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या लावाव्यात आणि मागचा दिवा लागतो की नाही ते पाहावे. अंधारात मागून येणारा दुचाकीस्वारही कोणाच्या तरी घरी आपट्याचे सोने घेऊन निघालेला असतो.

यंदा आमच्या पाटावर झांजा, चिपळ्या आणि पोथ्या असतील, विळे-खुरपीही असतील. त्यांच्या शेजारी ट्रॅक्टरची किल्ली, त्याचे माहितीपुस्तक आणि त्या फाटलेल्या उपरण्याचा उरलेला तुकडा ठेवणार आहोत. दुसऱ्या दिवशी पहिले आपट्याचे पान देवाला, दुसरे आबांना, तिसरे गोठ्यातल्या त्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगाला लावू. मग धोतराचा काच्या घट्ट मारून, उपरणे खुंटीवर ठेवून, सीमोल्लंघनाला म्हणून गाडी शेतापर्यंत नेऊ. ती हळूच नेऊ.